पश्चिम किनाऱ्यावरचा श्रोता

एरोल हेन्श्केच्या फाटकापाशी मी नऊ वर्षं टपाल टाकत आलेय, आणि पहिल्या सात वर्षांत तो माझ्याशी जे काही बोलला ते एका कागदावर मावलं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझी फेरी. सकाळी सातला गावातल्या पोस्टातून निघायचं, किनाऱ्याच्या रस्त्यानं त्रेसष्ट पेट्या करायच्या आणि दुपारी दोनच्या सुमाराला परत. एरोलची पेटी एकेचाळिसावी. जुन्या दुधाच्या कॅनला आडवं करून खांबावर ठोकलेली. तो बहुतेक वेळा फाटकाजवळच काहीतरी करत उभा असायचा. मी हात करायची, तो टोपीला बोट लावायचा. संपलं.

धान्य साठवायच्या सायलोवरच्या वजनकाट्यावर त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती. गव्हाचे ट्रक यायचे, तो खिडकीतून आकडा सांगायचा, ट्रक पुढे जायचा. "सव्वीस टन चारशे." एवढंच. ड्रायव्हर लोक त्याला चिडवायचे, "एरोल, आज हवा बरी आहे की नाही तेवढं तरी सांग!" तो काट्याकडे बघून म्हणायचा, "पुढचा."

त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, चार वर्षांपूर्वी घर सोडलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. सुगी संपली त्या आठवड्यात तिनं शिवणयंत्र, दोन सुटकेसा आणि कुंड्यांमधली झाडं गाडीत भरली. त्याच दिवशी माझी गाडी तिथं पोचली होती, म्हणून हे मला ठाऊक. फाटकात उभी राहून ती मला म्हणाली, "एकतीस वर्षं या घरात मी एकटीच बोलतेय गं. आता जिथं कुणी उत्तर देईल तिथं जाऊन बोलते." एरोल मागे उभा होता. त्यानं सुटकेस उचलून दिली, टायरमधली हवा बघितली आणि म्हणाला, "मागचं डावं जरा कमी आहे." ती गेली.

ती गेली आखाताच्या पलीकडे, यॉर्क द्वीपकल्पावर, तिच्या मावशीच्या रिकाम्या घरात. आमच्या किनाऱ्यावरून समोर नुसतं पाणी दिसतं. सरळ गेलं तर नव्वद किलोमीटर. पण रस्त्यानं जायचं तर आधी उत्तरेला, आखात संपतं त्या पोर्ट ऑगस्टापर्यंत जाऊन आखाताला वळसा घालायचा, आणि मग तेवढंच परत दक्षिणेला. जाणाऱ्याचा अख्खा दिवस मोडतो.

माझी नणंद त्या बाजूला राहते. एकदा तिचा फोन आला तेव्हा ती सहज म्हणाली, "अगं, तुमच्याकडची ती व्हर्ना हेन्श्के इथं रेडिओवर असते. मंगळवारी नऊ ते अकरा. गावचंच स्टेशन आहे, पण काय गोड बोलते! आमच्याकडे सगळ्या बायका कामं टाकून ऐकतात." सांगावं की नाही, असा विचार करत मी दोन फेऱ्या घालवल्या. तिसऱ्या फेरीला सांगून टाकलं. एरोलनं वीजबिल हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि आत निघून गेला. मला वाटलं, उगीच बोललो आपण.

पंधरा दिवसांनी तो पेटीपाशी उभा. टोपी काढलेली.

"पोस्टबाई, ते स्टेशन कुठल्या आकड्यावर लागतं?"

मी नणंदेला विचारून आकडा आणला. त्यानं तो पेन्सिलीनं तळहातावर लिहून घेतला.

बैठकीच्या खोलीत व्हर्नाचा रिसीव्हर होता. लाकडी कपाटाएवढी जड पेटी, समोर चांदीसारखी पट्टी, दोन मोठे स्पीकर. तिनं तो ॲडलेडहून हौसेनं आणला होता. जाताना तिला तो उचलला नाही, म्हणून राहिला. चार वर्षं त्याच्यावर चादर होती. एरोलनं ती काढली, बटण दाबलं, काटा त्या आकड्यावर आणला. नुसती खरखर. पाठीमागे एक पातळ वायर भिंतीवर चिकटपट्टीनं चिकटवलेली होती, इंग्रजी टी अक्षरासारखी. ती त्यानं सोडवून खिडकीत लावली, मग पडद्याच्या दांडीवर, मग पत्र्याच्या छताखाली. एकदा एका बाईच्या आवाजाचा तुकडा आला, "...साखर घालून..." आणि बुडाला. ती व्हर्नाच होती की दुसरी कुणी, हे त्याला कळलं नाही. ही गोष्ट त्यानं मला बरीच नंतर सांगितली.

मग व्हायला शहरातून एक लांबलचक खोका आला. माझ्याच गाडीतून, मागचं दार दोरीनं बांधून. आत पाच काड्यांचा अँटेना आणि केबलचं वेटोळं.

"छतावर लावणार?" मी विचारलं.

"छत बुटकं आहे. पवनचक्कीवर."

घरामागे जुन्या पवनचक्कीचा सांगाडा उभा होता. पाती कधीच वादळात गेलेली, चार लोखंडी पाय आणि वर एक फळी. बासष्टाव्या वर्षी हा माणूस कमरेला पाने-स्क्रूड्रायव्हर लटकवून त्यावर चढला. खालून होकायंत्र बघून ठेवलं होतं, पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला. काड्या समुद्राकडे रोखल्या, क्लॅम्प आवळले, केबल सांगाड्याच्या पायावरून खाली आणली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली. सांध्यांवर त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, कारण आमच्याकडची खारी हवा तांबं खाऊन टाकते.

आणि आतमध्ये काहीच नाही. खरखरसुद्धा आधीपेक्षा कमी.

तीन दिवस तो वर चढत होता आणि उतरत होता. चौथ्या दिवशी रिसीव्हरच्या पाठीमागे, जिथं केबलचं टोक गोल भोकात जातं, तिथं त्यानं भिंग लावून पाहिलं. केबलच्या मधल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते. त्या जाळीतला केसाएवढा एक धागा मधल्या तारेला टेकला होता. दोघी एकमेकींना भिडल्या की वरून आलेलं सगळं तिथंच मरतं. त्यानं तो धागा चिमट्यानं काढला, टोक पुन्हा सोलून बसवलं, आणि आवाज आला. पण खरखरीत बुडालेला, जणू कुणी शेजारच्या शेतातून ओरडतंय.

तेव्हा त्यानं पहिलं पोस्टकार्ड लिहिलं. गावातल्या दुकानात आमच्या धक्क्याचं चित्र असलेली कार्डं मिळतात, उन्हाळ्यात मासे मारायला येणाऱ्यांसाठी. उघडं कार्ड टपालवालीनं वाचू नये असं म्हणतात. मी वाचलं. स्टेशनच्या इंजिनिअरला उद्देशून होतं: "आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर तुमचं स्टेशन अस्पष्ट लागतं. अँटेना पाच काड्यांचा, उंची तीस फूट, दिशा बरोबर. उपाय सांगावा." खाली नाव नाही. 'श्रोता, रोड बॉक्स ४१.'

उत्तर दहा दिवसांनी आलं. गिल ट्रेझीस नावाच्या माणसाचं, टपोऱ्या अक्षरात: "साहेब, आमच्या मनोऱ्यावरच्या काड्या उभ्या आहेत. तुमच्या आडव्या असणार. उभ्या करा. आणि समुद्रापलीकडे आम्हाला कुणी ऐकतं हे आजच कळलं. ऐकून बरं वाटलं!"

एरोल पुन्हा चढला आणि काड्या उभ्या केल्या.

बुधवारी मी पोचले तेव्हा तो फाटकातच होता.

"लागलं?"

"लागलं."

मी वाट बघितली. इंजिन चालूच होतं.

"साखरेच्या डब्यातल्या मुंग्या कशा घालवायच्या ते सांगत होती," तो म्हणाला. "मग हसली."

"बरं मग!"

"या घरात ती कधी हसलेली मला आठवेना, पोस्टबाई. काल दिवसभर आठवून पाहिलं."

मी गिअर टाकला.

त्यानंतर दर बुधवारी पेटीत, मी पुढे न्यावं म्हणून ठेवलेलं, एक कार्ड असायचं. तोच धक्का, तेच निळं पाणी. दुकानदारीण मला म्हणाली, "हेन्श्केनं सगळा गठ्ठा उचलला. कुणाला पाठवतो गं एवढी?" मी म्हटलं, "नातेवाईकांना." कार्डावर फक्त आवाजाचा अहवाल: "मंगळवार. वारा दक्षिणेचा. आवाज स्वच्छ. साडेनऊला थोडी खरखर. गुलाबी काकाकुवे केबल कुरतडत होते, हाकलले. श्रोता, पश्चिम किनारा." ही कार्डं गिल ट्रेझीसच्या नावानं जायची. माझ्या गाडीतून निघालेलं कार्ड ॲडलेड फिरून पलीकडे पोचायला पाच दिवस घ्यायचं, आणि आवाज तिकडून इकडे यायला क्षणही घेत नव्हता.

पहिली चार-पाच कार्डं गिलनं स्वतःच ठेवली असावीत. मग एका सोमवारी त्यानं एक व्हर्नाच्या टेबलावर ठेवलं, कार्यक्रमात वाच म्हणून. पुढे काय झालं ते मला एरोलच्या त्या आठवड्याच्या कार्डावरून कळलं: "मंगळवार. वारा नाही. आवाज उत्तम. नऊ बेचाळीसला पश्चिम किनाऱ्यावरचं पत्र आलंय म्हणून सांगितलं आणि अकरा सेकंद काहीच ऐकू आलं नाही. दोष आमच्या बाजूचा नसावा."

एकतीस वर्षं ज्याच्या हातच्या किराणाच्या याद्या वाचल्या त्याचं अक्षर ती कशी ओळखणार नाही?

"फोन करा ना तिला," मी एकदा म्हटलं. "दर दहा मिनिटांनी स्टेशनचा नंबर सांगते म्हणता."

"फोनवर बोलावं लागतं."

"मग लिहिता ते काय आहे?"

"तो अहवाल आहे," एरोल म्हणाला.

पण अहवाल लांबत गेले. अक्षर बारीक होत गेलं, कडेनं वर चढायला लागलं. "आवाज स्वच्छ. अंजिराला यंदा पहिल्यांदा फळ धरलं." "आवाज स्वच्छ. काल सात मिलिमीटर पाऊस. नळाखालची फरशी शेवटी बसवली, तू सांगत होतीस ती." मी ते वाचून थांबले होते. तू. इंजिनिअरच्या नावानं जाणाऱ्या कार्डावर.

एका मंगळवारी, माझी फेरी नसताना, दवाखान्यातून त्याची रक्तदाबाची औषधं घेऊन मी मुद्दाम गेले. खिडकी उघडी होती आणि व्हर्नाचा आवाज अंगणापर्यंत येत होता, खणखणीत, जणू ती आत ओट्यापाशी उभी आहे. एरोल खुर्चीत ताठ बसला होता, टोपी मांडीवर, चर्चमध्ये बसतात तसा. मी दारातच थांबले. ती हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन सांगत होती, मग कुणाच्यातरी लग्नाचा वाढदिवस, मग म्हणाली, "आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या श्रोत्यांना एक निरोप. काकाकुव्यांच्या मागे वर चढणं आता बंद करा. वय काय, चढता कुठं! केबलवर जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा, चोची बोथट होतील." आणि तिनं वॉल्ट्झ नाचाची एक धून लावली.

एरोलचे कान लाल झाले. मला बघून तो उठला.

"ऐकलंस? अख्ख्या यॉर्कसमोर माझं वय काढलं."

"बरोबरच काढलं."

"होजपाइपचं मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. औषधांची पिशवी त्यानं घेतली आणि कुठं ठेवावी ते न समजून तशीच धरून उभा राहिला.

असं दीड वर्ष चाललं. त्यानं कधी फोन केला नाही, तिनं कधी त्याचं नाव घेतलं नाही. निरोप मात्र अधूनमधून असायचे. पाण्याची टाकी घासून घ्या. चर्चमधल्या सहभोजनाला जात जा, एकटे सॉसेज खाऊन पोट बिघडतं. हा कोण बाबा आहे, म्हणून यॉर्कच्या बायका तिला विचारायच्या, आणि ती म्हणायची, "आहे एक मोजूनमापून बोलणारा." हे नणंदेनं सांगितलं. मी ते एरोलला सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते आजही मला नीट कळत नाही.

मग हिवाळ्यात एक कार्ड आलं, आणि ते वाचून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मंगळवार. वारा पश्चिमेचा. तीन आठवडे आवाज घोगरा आहे. मशीनचा दोष नाही, बातम्या वाचणाऱ्याचा आवाज नेहमीसारखा येतो. दहाच्या पुढे जास्त वाईट. सर्दी असती तर एव्हाना गेली असती. घसा डॉक्टरला दाखवावा. लवकर."

तिकडच्या लोकांना ते जाणवलंच नव्हतं. रोज भेटणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. हा माणूस आठवड्यातून दोन तास, नव्वद किलोमीटरवरून, फक्त तेवढंच ऐकत होता.

चार मंगळवार दुसऱ्याच एका माणसानं कार्यक्रम केला. पाचव्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, रोंडाचा, ॲडलेडहून फोन आला. बाप-लेकीचं बोलणं नाताळपुरतंच असायचं. ती म्हणाली, "बाबा, ती कार्डं तुम्ही पाठवता ना?" व्हर्नाच्या स्वरयंत्रावर गाठ होती. छोटी होती, वेळेत सापडली. ॲडलेडला ऑपरेशन झालं, आता ती रोंडाकडेच होती. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाचं काही सांगता येत नाही.

शुक्रवारी एरोल मला म्हणाला, "आठवडाभर टपाल पोस्टातच ठेव." अंगात चर्चचा कोट, गाडीच्या मागच्या सीटवर अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या, टॉवेलात गुंडाळलेल्या.

"मागचं डावं टायर बघितलंत का?" मी म्हटलं. मला चेष्टा करायची होती; तोंडातून निघाल्यावर वाटलं, करायला नको होती.

तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "चारही बघितलीत."

तो आठ दिवसांनी परत आला. पुढच्या सोमवारी फाटकाशी उभा होता आणि म्हणाला, "चहा ठेवलाय." नऊ वर्षं मी त्या फाटकाशी थांबत आले होते; त्या घरात पहिल्यांदा बसले. बिस्किटं एका ताटलीत मोजून मांडलेली होती.

"बोलता येत नाही तिला," तो म्हणाला. "सहा आठवडे बंदी. वही घेऊन बसते. लिहून दाखवते."

"मग तुम्ही?"

"मी बोललो."

"काय बोललात?"

"आधी काड्या उभ्या कशा केल्या ते. मग केबलचा धागा. मग बाकीचं." त्यानं कप फिरवला. "वहीत लिहिलं तिनं, हे एकतीस वर्षांत का नाही सांगितलंस. मी म्हटलं, समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं असतं ते मला कळत नाही. समुद्र मधे असला की कळतं."

"मग?"

"हसली. आवाज नाही आला. घसा दुखला तिला, रोंडा मला ओरडली."

चार दिवस तो रोज दुपारी दोन तास तिच्या खोलीत बसला. शेवटच्या दिवशी ती फाटकापर्यंत सोडायला आली. परत ये, असं तिनं लिहिलं नाही. घरी चल, असं तो म्हणाला नाही.

"विचारायचं तरी होतं, एरोल."

"तिला बरं आहे तिथं. खिडकीत ऊन येतं. कुंड्या आहेत. शेजारची बाई येऊन पत्ते खेळते." खिडकीबाहेर सांगाडा दिसत होता आणि त्यावर ओळीनं बसलेले काकाकुवे. "माझ्याकडे काय आहे? मीच आहे."

त्या दिवशी तो पाऊण तास बोलत राहिला. मधेच थांबायचा, मला वाटायचं संपलं, आणि पुन्हा सुरू. पुढच्या बावीस पेट्यांचं टपाल उशिरा पोचलं, तिघांनी पोस्टात तक्रार केली.

व्हर्नाचा आवाज आला परत, पण जाड आणि ठिसूळ, दोन वाक्यांनंतर फाटणारा. ती ॲडलेडलाच रोंडाजवळ राहिली. रेडिओ तिनं सोडला. मंगळवारी आता मासेमारीच्या गळांवर बोलणारा एक निवृत्त मास्तर असतो. एरोल तो लावत नाही. रिसीव्हरवर चादर मात्र परत घातलेली नाही. कार्ड जातं दर बुधवारी, आता तिच्याच नावानं, पाकिटात बंद, म्हणून त्यात काय असतं ते मला माहीत नाही. तिकडून महिन्यातून एखादं उत्तर येतं. ते हातात दिलं की तो तिथं फोडत नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. पाऊस नव्हता, वाराही नव्हता, रस्त्यावर धूळ तशीच तरंगत होती. मी त्याचं टपाल खिडकीतून पुढे केलं, एक मासिक आणि बियाण्यांचं कॅटलॉग, आणि गिअर टाकणार तेवढ्यात त्यानं गाडीच्या दारावर हात ठेवला.

"पोस्टबाई, तुझ्या घरी कोण असतं गं?"

माझा नवरा कोळंबीच्या बोटीवर असतो, महिन्यातले तीन आठवडे समुद्रात. मुलं मोठी होऊन गेली. एवढ्या वर्षांत हे त्या रस्त्यावर मला कुणी विचारलं नव्हतं. त्रेसष्ट पेट्या, त्रेसष्ट घरं, सगळ्यांची खबर मला. माझी कुणाला नाही.

मी इंजिन बंद केलं.